मोहाखालची झाडलेली जमीन

कचरू आमच्या इमारतीत वॉचमन म्हणून आला तेव्हा त्याला दोन्ही डोळे होते. हे आधीच सांगून टाकते.

शनिवार पेठेतलं आमचं जुनं घर पाडून तिथे चार मजली इमारत झाली ती सत्त्याण्णव साली. जिन्याखाली दहा बाय आठची एक खोली निघाली. नकाशात तिला 'स्टोअर' म्हटलं होतं. त्या स्टोअरमध्ये कचरू, त्याची बायको शालन आणि एक लोखंडी पेटी असे राहायला आले. चंद्रपूरच्याही पलीकडच्या भिवाटोला नावाच्या जंगलातल्या गावचा माणूस. एजन्सीने दिलेली खाकी त्याला आखूड व्हायची, बाह्या मनगटाच्या चार बोटं आधीच संपायच्या. गावाकडे तो उन्हाळ्यात जंगलात वणवा लागू नये म्हणून राखणीचं काम करायचा. ते काम बंद झालं आणि मेहुण्याच्या ओळखीने तो पुण्याला आला.

जंगलातून आला म्हणून बिऱ्हाडकरूंना त्याची गंमत वाटे. "काय कचरू, आज वाघ दिसला का नदीपात्रात?" असं जाता-येता विचारायचे. तो हसून म्हणायचा, "वाघाचं काही नाई जी. वाघ माणसाले पाहून बाजूले होते. अस्वलाचं सांगता येत नाई."

अस्वलाबद्दल मात्र तो गंभीरपणे बोले. माझा मुलगा शुभंकर कॉलेजात होता तेव्हा संध्याकाळी खाली त्याच्याजवळ जाऊन बसायचा. खात असलं की अस्वलाला काही ऐकू येत नाही, दिसायलाही कमीच दिसतं, म्हणून रानात जाताना खोकत जायचं, काठी आपटत जायचं, त्याला दचकवायचं नाही. पळायचं तर मुळीच नाही. सांबर ओरडलं तर थांबायचं. रानडुकराच्या वाटेत उभं राहायचं नाही. शुभंकर हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकायचा. वरून मी हाक मारी, "जेवायला ये रे, अस्वल नेणार नाही तुझं ताट!"

कचरूला रोज सकाळी माझ्याकडून चहा जायचा. त्याचा कप वेगळा होता. वेगळा ठेव असं कोणी म्हटलं नव्हतं, तो इतर कपांत कधी मिसळला नाही इतकंच. जिन्याकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर, तुळशीच्या बाजूला तो कप असायचा. कचरू तो धुऊन पालथा घालायचा. चौदा एप्रिलला शालन खीर करून आणायची. मी ती ठेवून घ्यायचे आणि दुपारी भांडी घासायला येणाऱ्या बाईला द्यायचे. हेही लिहिते, कारण पुढचं लिहायचं तर हे गाळून चालणार नाही.

शुभंकर इंजिनिअर झाला, हिंजवडीला कंपनीत लागला. सकाळी सातला कंपनीची बस, रात्री नऊला परत. त्या कंपन्यांमध्ये कामाइतकंच खेळायचंही खूळ होतं. शुभंकरच्या कंपनीत त्यांनी ट्रेकिंगचा क्लब काढला आणि शुभंकर त्याचा सेक्रेटरी झाला. सिंहगड झाला, राजमाची झाली. मग दोन हजार पाच साली रामनवमीची सुट्टी जोडून आली तेव्हा त्याने ठरवलं, भिवाटोला. तंबू ठोकून दोन रात्री राहायचं, जंगल बघायचं.

कचरूला आनंद झाला. आनंद म्हणजे त्याने त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या न सांगता पुसल्या. पण त्याने एक अट घातली होती, मी स्वतः ऐकली. "बोडीजवळ तंबू लावाचे. दुसरीकडे नाई." बोडी म्हणजे त्यांच्याकडचं लहान तळं. शुभंकर म्हणाला, "अरे, तू असशीलच की तिथे." ते खरं होतं. कचरूने भांडी, शिधा, तंबू घेऊन टेंपोने शुक्रवारी सकाळी निघायचं आणि बाकी सगळ्यांनी संध्याकाळी कंपनीतून बसने. कचरू आधी पोहोचणार, जागा साफ करून ठेवणार. ऐन वेळी तंबू मात्र बसमध्ये गेले, कारण टेंपोत कागदी ताटं आणि गाण्यांचे स्पीकर आले.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता कचरू दाराशी आला.

माझं चैत्रातलं नवरात्र चालू होतं. नऊ दिवस पारायण, आणि रोजचे अध्याय संपेपर्यंत मौन. सासूबाईंपासून चालत आलेलं. पोथीशेजारी माझी रोजची वही असते, कारण मौनात काही सुचलं, कोणी काही सांगून गेलं, तर लिहून ठेवावं लागतं. त्यात तिथी, स्वयंपाक, आलं-गेलं, सगळं मी सदतीस वर्षं लिहीत आले आहे.

कचरू उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "बाई, दादा कंपनीत गेले, भेट नाई झाली. टेंपोचं काही सांगता येत नाई, मले उशीर झाला तर एक निरोप दादाले सांगजा. मोहाच्या झाडाखाली तंबू लावू नोका. मोहफुलं पडाचे दिवस हायेत. आमच्या बायका झाडाखालची जमीन झाडून ठेवतेत, फुलं वेचाले. साफसूफ दिसते. शहरातल्या माणसाले वाटते, आपल्यासाठीच झाडली. पण पहाटे फुलं पडते आणि अस्वल खाले येते. रोज येते, बाई. सांगजा."

मी मान हलवली. वही ओढून त्याच्यासमोर लिहिलं. त्याला वाचता येत होतं, पण दारातून दिसलं नसेल. "लिहून घेतलं न बाई?" मी पुन्हा मान हलवली. तो समाधानाने जिना उतरला.

अकराला अध्याय संपले. मग नैवेद्य, मग शेजारच्या सुशीलाबाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, आंब्याची डाळ, पन्हं, बायकांची गर्दी. वही पोथीखाली गेली. मी विसरले असं म्हटलं तर सोपं होईल, पण मी विसरले नव्हते. साडेपाचला शुभंकरचा फोन आला. मागे बसचा हॉर्न, पोरांचा आरडाओरडा. "आई, बसलो बसमध्ये. येतो." आमच्या घरात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. आणि निघालेल्या माणसाला टोकत नाहीत, वाईटसाईट बोलत नाहीत. सासरे एकदा असेच निघाले असताना कोणी मागून हाक मारली आणि काय झालं ते मी या घरात आल्यापासून ऐकत आले. पोरगा पाऊल बाहेर टाकतोय आणि मी अस्वलाचं नाव काढू? मी म्हटलं, "ये. सांभाळून." मनात म्हटलं, कचरू पोहोचेलच आधी.

कचरू पोहोचला नाही. वाशिमच्या पुढे टेंपोचा पाटा तुटला. तेव्हा त्याच्याकडे मोबाइल नव्हता आणि गावात मोबाइलला रेंज नव्हती. बस शनिवारी दुपारी पोहोचली. बोडीजवळ चिखल होता, डास होते. तिथून हाकेच्या अंतरावर मोहाची मोठाली सात-आठ झाडं आणि त्यांच्याखाली अंगण झाडून ठेवावं तशी स्वच्छ जमीन. काडी नाही, कचरा नाही. शुभंकरने नंतर मला सांगितलं, "आई, रेडीमेड साइट होती ती." फुलं वेचणाऱ्या दोन म्हाताऱ्या संध्याकाळी येऊन काहीतरी बोलून गेल्या. त्यांचं बोलणं यांना कळलं नाही. त्यांना बिस्किटांचे पुडे देऊन पाठवलं.

पुढचं मला भाग्यश्रीने सांगितलं. शुभंकरच्या कंपनीतली मुलगी, नाशिककडची. ती पहाटे तोंड धुवायला तंबूतून बाहेर आली, कानाला गाणी लावलेली. दहा पावलांवर अस्वल आणि त्याचं पिल्लू खाली मान घालून फुलं खात होती. तिने पाहिलं नाही, अस्वलानेही पाहिलं नाही. त्याच वेळी वाटेवरून कचरू आला. टेंपो गावात सोडून तंबूंकडे चालत येत होता, नेहमीसारखा खोकत, काठी आपटत. त्याने झाडाखाली तंबू पाहिले आणि मग मुलगी पाहिली. ज्या माणसाने आयुष्यभर सांगितलं की पळायचं नाही, तो पळाला. अस्वलाकडे पळाला. "बाजूले व्हा! बाजूले व्हा पोरी!" एवढंच तिला ऐकू आलं, तेही कानातला इअरफोन पडल्यावर. अस्वलाने त्याला खाली घेतलं. मुलं डबे वाजवत, ओरडत बाहेर येईपर्यंत उजवा डोळा, गाल आणि नाकाचा अर्धा भाग गेला होता.

दुसऱ्या कोणाला ओरखडाही आला नाही.

कचरूला आधी चंद्रपूरला आणि मग पुण्याला आणलं. मी सरकारी दवाखान्यात भेटायला गेले, दगडूशेठचा अंगारा घेऊन. पट्ट्यांतून एक डोळा आणि तोंड तेवढं दिसत होतं. अंगारा मी उशीखाली ठेवला. तो म्हणाला, "बाई, दादाले सांगितलं नव्हतं का तुम्ही?"

शालन तिथे होती. नर्स होती. मी म्हटलं, "आधी बरा हो."

"बरा होतो जी. पण गावात म्हणून राह्यले, कचरूनं पुण्याचे लोक आणले आणि मोहाखाली निजवले. लहान पोरगंही निजत नाई तिथं या दिवसांत. माहा बाप त्या जंगलात राखणदार होता. मी लावले म्हणतेत ते तंबू, बाई. मी."

चेहऱ्याबद्दल तो काही बोलला नाही. मी तास-दीड तास बसले होते, चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही.

आठवड्याने कंपनीचा दिग्विजय घरी आला. शुभंकरचा वरिष्ठ, चौकशीचा अहवाल त्यानेच लिहायचा होता. चांगला मुलगा. बूट बाहेर काढले, देवाला नमस्कार केला, कैरीचं पन्हं घेतलं. मग म्हणाला, "काकू, एक विचारायचं होतं. कचरू म्हणतोय, जागेबद्दल त्याने तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तुम्ही शुभंकरला सांगणार होता. असं काही बोलणं झालं होतं का?"

शुभंकर समोर बसला होता. त्याचा चेहरा कोरा होता, कारण त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "माझं तेव्हा नवरात्र होतं. सकाळी मी मौनात असते. मौनात मी कोणाशीही बोलत नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. दिग्विजयने मान डोलावली आणि डायरीत काहीतरी लिहिलं. जाताना वाकून नमस्कारही केला. 'औक्षवंत व्हा,' मी म्हटलं. तेव्हा मौन नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसले आणि हात पुढे होईना म्हणून मी शुभंकरला वही दाखवली. त्याने ते पान दोनदा वाचलं. *षष्ठी. कचरू सांगून गेला, शुभंकरला सांगणे: मोहाखाली तंबू लावू नयेत. पहाटे अस्वल येते. गवार, मुगाची खिचडी.*

"आता दाखवतेस?" तो म्हणाला.

"काल दिग्विजय होता समोर."

"आई, अहवाल आज सकाळी मेलने गेला. खाली माझीही सही आहे. गाइडने कोणतीही पूर्वसूचना दिली नाही, असं लिहिलंय. आता बदलायचं म्हणजे काय, कळतंय का तुला? अमेरिकेतल्या ऑनसाइट कामासाठी माझं नाव पाठवलंय. जुलैत व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे."

"अरे, त्याचा डोळा गेला."

"अहवाल बदलून डोळा येणार आहे का?" मग हळू आवाजात, "आणि तू सांगितलं नाहीस, ते सगळ्यांना कळेल. कंपनीत, इथे इमारतीत. चालेल?"

चालणार नव्हतं. मी वही मिटली.

तो अहवाल भिवाटोल्यापर्यंत पोहोचला. अपघाताची जागा म्हणून वनखात्याने मोहाच्या त्या झाडांभोवती तारेचं कुंपण घातलं. गावातल्या बायका पिढ्यानपिढ्या जिथे फुलं वेचायच्या तिथे जायला बंदी झाली. कचरूची म्हातारी आई विहिरीवर गेली की बायका बाजूला होऊ लागल्या. हे शालनने सुशीलाबाईंना सांगितलं आणि सुशीलाबाईंनी मला. शालन माझ्याकडे येईनाशी झाली होती. आमच्या घरी झालेल्या सोसायटीच्या सभेत ठरलं की अशा चेहऱ्याचा वॉचमन दाराशी बरा दिसत नाही, लहान मुलं घाबरतात. तिसऱ्या मजल्यावरचे श्यामसुंदर म्हणाले, "माणूस प्रामाणिक आहे हो, पण दर्शनी भाग आहे." सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही. मी नेहमीसारखी चहा करायला आत गेले होते.

श्रावणात त्यांना खोली सोडायची होती. माझा श्रावणाचा सप्ताह होता. पुन्हा पोथी, पुन्हा मौन.

गुरुवारी सकाळी आठलाच कचरू आला. शालन मागे. त्याच दारात, त्याच जागी. डोळ्यावर हिरवा कपडा बांधलेला, खाकी नव्हती, पांढरा सदरा होता. म्हणाला, "बाई, उद्या निघतो. सोमवारी ग्रामसभा हाय. माहं बोलणं कोणी ऐकत नाई, कागद पायजे म्हणतेत. तुमच्या वहीतलं ते पान देजा. नाही तर उतरून देजा. मी सांगितलं होतं एवढं कळलं पायजे. बाकी काही नाई पायजे मले."

आतल्या खोलीत शुभंकर होता. त्याचा इंटरव्ह्यू झाला होता, पासपोर्ट अजून यायचा होता. दार अर्धं उघडं होतं. मी पोथीवरून मान वर केली नाही. ओठ हलवत वाचत राहिले.

"मौन हाय जी बाईचं," शालन म्हणाली. "चाला."

"सुटल न. बसतो मी."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. मला दारातून त्याची पाठ दिसत होती. एक अध्याय उरला होता, पाऊण तासाचा. तो संपला. मी पान उलटून मागे गेले आणि तोच अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. सदतीस वर्षांत एक अध्याय दोनदा मी त्याच दिवशी वाचला. वाचताना एक ओळ कळली असेल तर शपथ.

साडेदहाच्या सुमारास शालन उठली. दाराशी आली, पण कचरूसारखी उंबऱ्याबाहेर थांबली नाही, एक पाय आत टाकून उभी राहिली.

"बाई, देवाचं चालू हाय तुमचं," ती म्हणाली. "चालू द्या."

ती वळली. कचरू खाली मान घालून उठला, कट्ट्यावरचा आपला कप उचलला, पाहिला आणि पुन्हा पालथा घातला. जिन्यावरून काठीचा आवाज बराच वेळ येत होता. एक डोळा असला की पायऱ्यांचा अंदाज येत नाही म्हणे.

शुभंकर सप्टेंबरात अमेरिकेला गेला. निघताना मी त्याच्या हातावर दही घातलं. टोकलं नाही.

पुढची दोन वर्षं वही चालू राहिली, पण ते पान मी उलटत नसे. दोन हजार सातच्या चैत्रात मौनात बसले आणि पोथीतलं काहीही दिसेना, नुसती पाठ दिसायला लागली, पायरीवर बसलेली. उठले, वही काढली, ते पान शिवणीपासून फाडलं, सोबत चार ओळी लिहिल्या की हे माझ्या हाताने त्याच्यासमोर लिहिलं आहे आणि निरोप मीच दिला नाही, खाली सही केली, आणि भिवाटोल्याच्या सरपंचाच्या नावाने रजिस्टर केलं. पोस्टातला कारकून म्हणाला, "काकू, एवढं लांब? पोहोचेल की नाही देव जाणे." मी म्हटलं, "त्याला सगळं माहीत असतं, त्याचंच तर अवघड आहे."

वैशाखात उत्तर आलं, सरपंचाचं नाही, शालनचं. वहीच्या फाडलेल्या पानावर, पेन्सिलने. जसं होतं तसं लिहिते:

*बाई, पान भेटलं. सरपंच बदलला. नवीन सरपंच म्हणते जुनी गोष्ट हाय. यांनी पान पाहिलं. म्हणाले बाईचं अक्षर चांगलं हाय. तार तशीच हाय. तारेने बाया अडतेत, अस्वल अडत नाई. फुलं आतच पडतेत आणि तेच खाते. सासू गेली माघात. शालन.*

त्याच आठवड्यात रविवारी शुभंकरचा फोन आला. खूप खुशीत होता. मित्रांबरोबर कुठल्याशा मोठ्या जंगलात तंबू ठोकून राहून आला होता. "आई, इथे अस्वलं आहेत खरी. पण सिस्टिम बघ काय! प्रत्येक तंबूजवळ लोखंडी पेटी. खाणं, साबण, पेस्ट, सगळं त्यात बंद करायचं. आणि आत सोडायच्या आधी एक माणूस येतो, जागा दाखवतो, कुठे तंबू लावायचा, कुठे नाही, सगळं समजावतो. मग आपली सही घेतो."

"आणि तुम्ही ऐकता त्याचं?"

"ऐकावंच लागतं. रेंजर असतो तो."

"खाकी असते का रे त्याला?"

"हो, तसलीच काहीतरी. का गं?"

"बाह्या पुरतात का?"

त्याला काही कळलं नाही. लाइन खराब आहे म्हणाला, आणि फोन ठेवला.